टाकीच्या झाकणापासून मेन जेटपर्यंत: कार्बोरेटर असलेल्या साहसी मोटरसायकलची इंधनव्यवस्था कशी लावावी

मनालीहून लेहला निघालेल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला लाहौलमधल्या तांदी गावचा पेट्रोल पंप ठाऊक असतो, कारण पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे असे सांगणारी तिथली पाटी वर्षानुवर्षे फोटोंतून दिसत आली आहे. त्या ३६५ किलोमीटरांत बारालाचा, लाचुंग आणि टांगलांग या खिंडी येतात. त्यांतील टांगलांग सुमारे ५,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे एकाच रस्त्यावर गाडीची दोन परीक्षा होतात: टाकीतले पेट्रोल पुरले पाहिजे आणि विरळ हवेत कार्बोरेटरने ते नीट मोजून दिले पाहिजे. आपल्याकडे या दोन्ही कामांना वेगवेगळी माणसे लागतात. टाकी वेल्डरकडे जाते आणि कार्ब मेकॅनिककडे. माझे स्पष्ट मत असे आहे की झाकणातल्या हवेच्या छिद्रापासून मेन जेटच्या, म्हणजे कार्बमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मुख्य पितळी तुकड्याच्या, भोकापर्यंत ही एकच वाट आहे, आणि ती वरून खाली याच क्रमाने तपासत यावी. जेटला हात सर्वांत शेवटी लावावा.

हे मार्गदर्शन कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे: २०१६ मध्ये आलेली रॉयल एनफील्डची ४११ सीसीची पहिली हिमालयन, २०११ ची हीरो इम्पल्स, २०१९ च्या एक्सपल्स २०० चा कार्बोरेटर असलेला प्रकार आणि लांबच्या प्रवासासाठी तयार केलेल्या जुन्या बुलेट. २०१७ मध्ये हिमालयनला फ्युएल इंजेक्शन आले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. त्यामुळे या गाड्या आता मालकानेच समजून घेऊन सांभाळायच्या आहेत.

आधी गणित, मग खर्च

मोठी टाकी हवी की नको, हे आपल्या गाडीच्या खऱ्या मायलेजवरून ठरवावे. टाकी तोंडापर्यंत भरावी, दोनशे किलोमीटर चालवावे, त्याच पंपावर पुन्हा तितकीच भरावी आणि किती लिटर बसले ते लिहावे. असे तीनदा करून येणारी सरासरी विश्वासार्ह असते. सपाट रस्त्यावर ३० देणारी हिमालयन उंचीवर सामानासह २५ देईल असे धरले, तर ३६५ किलोमीटरला १४.६ लिटर लागतात. वाट चुकणे, चिखलात पहिल्या गिअरवर रखडणे यासाठी पाचवा हिस्सा वाढवला की आकडा साडेसतरा लिटरांवर जातो. तिची टाकी १५ लिटरांची आहे, म्हणजे तूट अडीच लिटरांची. ती पाच लिटरांच्या एका कॅनने भागते. त्यासाठी टाकी कापण्याचे कारण नाही. १३ लिटरांच्या एक्सपल्सने त्याच वाटेवर ३५ दिले तर याच हिशेबाने साडेबारा लिटर लागतात, म्हणजे मूळ टाकीही जेमतेम पुरते. पेट्रोलचे वजन लिटरमागे सुमारे पाऊण किलो असते. वाढवलेले दहा लिटर म्हणजे साडेसात किलो, आणि तेही गाडीच्या सर्वांत उंच भागात. वाळूत किंवा ओढ्यातल्या गोट्यांवर गाडी तोलताना ते वजन मनगटांना जाणवते.

टाकी, तिचा श्वास आणि प्रवाह

पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यावी लागते. ही हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून किंवा टाकीखालून जाणाऱ्या नळीतून येते. ती वाट बुजली की टाकीत पोकळी तयार होते, प्रवाह मंदावतो, फ्लोट चेंबर (कार्बच्या तळातली पेट्रोलची वाटी) रिकामा होऊ लागतो आणि गाडी मिसिंग मारते. ही लक्षणे लहान जेटच्या लक्षणांसारखी हुबेहूब दिसतात. माझ्या गाडीने मला हा धडा ताम्हिणी घाटात दिला. मुळशी सोडल्यावर वीसेक मिनिटांनी ती धापा टाकू लागायची, चढावर बंद पडायची, आणि पाच मिनिटे थांबून किक मारली की जणू काही झालेच नाही अशी चालायची. मी मोठे मेन जेट घेतले, बसवले, फरक पडला नाही. त्याहून मोठे घेतले, तरी तेच. तिसऱ्या वेळी पावसात उभा असताना पेट्रोल पाहायला झाकण उघडले आणि टाकीने मोठ्याने ‘फुस्स’ करून हवा आत ओढली. घरी येऊन टाकी उचलली तेव्हा हवेची नळी फ्रेम आणि टाकी यांच्यामध्ये चेपून चपटी झालेली दिसली. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये टाकी परत बसवताना ती अडकली होती. नळी मोकळी केली आणि मूळ जेट परत लावले. तेव्हापासून गाडी अडखळली की मी आधी झाकण उघडून कान देतो. टँकबॅग बांधणाऱ्यांनी तिच्या तळाने झाकणातले छिद्र दाबले जात नाही ना, हेही पाहावे.

प्रवाह मोजणे सोपे आहे. टाकीत रिझर्व्हच्या थोडे वर इतकेच पेट्रोल ठेवावे, झाकण बंद करावे, कार्बकडे जाणारी नळी कार्बच्या तोंडाशी काढून मापाच्या बाटलीत सोडावी आणि कॉक (टाकीखालचा नळ) एक मिनिट उघडावा. हे उघड्यावर, थंड इंजिनावर आणि आसपास विडी-सिगारेट पेटलेली नसताना करावे. ताशी १०० किलोमीटर वेगाने २५ मायलेज देणारी गाडी तासाला चार लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ६७ मिलिलिटर पेट्रोल पिते. पूर्ण थ्रॉटलवर हिमालयनसारख्या इंजिनाची मागणी याच्या दुपटीच्या आसपास जाते. त्यामुळे मिनिटाला किमान २५० मिलिलिटर प्रवाह मिळालाच पाहिजे, असा नियम मी पाळतो. मग पाच मिनिटे सलग सोडून पाहावे. पहिल्या मिनिटाला भरपूर आणि पाचव्या मिनिटाला कमी आले, तर दोष हवेच्या वाटेत आहे. सुरुवातीपासूनच कमी असेल तर कॉकची जाळी, नळीतला वाक किंवा फिल्टर तपासावा. बाजारातले अनेक इनलाइन फिल्टर पंपाच्या दाबासाठी बनवलेले असतात आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरणाऱ्या पेट्रोलला ते अडवतात. कॉकची जाळी स्वच्छ असेल तर मी बाहेरचा फिल्टर लावतच नाही, किंवा लावलाच तर गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या गाड्यांसाठी असलेलाच लावतो.

आताच्या पेट्रोलबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि वर उल्लेख केलेल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९ पट. या मिश्रणासाठी हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जेट तेच ठेवले तरी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रण सुमारे आठ टक्क्यांनी लीन होते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. कंपनीतून मुळातच लीन निघालेल्या गाडीत हा फरक गरम इंजिन, थंडीत अवघड स्टार्टिंग आणि अर्ध्या थ्रॉटलवरचे झटके या रूपांत दिसतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी वेगळा थर करतात. कोकणात पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी गणपतीनंतर चालू होत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. फ्लोट चेंबरच्या ड्रेन स्क्रूतून थोडे पेट्रोल काचेच्या पेल्यात घेऊन पाच मिनिटे ठेवावे. खाली थेंब किंवा वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करावी. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरावी आणि कार्ब मात्र रिकामा करावा.

कार्ब उघडण्याआधी

एअर फिल्टर स्वच्छ आहे का, प्लगची गॅप बरोबर आहे का, टॅपेट मापात आहेत का, एक्सलरेटरची केबल अडकत नाही ना आणि कार्ब व इंजिन यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डला भेगा नाहीत ना, हे आधी पाहावे. यांतली भेग सर्वाधिक फसवते. इंजिन चालू ठेवून रबराच्या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. आयडलिंगचा आवाज बदलला तर तिथून हवा आत शिरते आहे. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम इंजिनावर तसे कधीही करू नये.

साफसफाई आणि फ्लोटची पातळी

कार्ब काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा आणि स्क्रू कागदावर त्यांच्या जागेनुसार ठेवावेत. कार्ब क्लीनर मारण्याआधी डायफ्राम (रबरी पडदा), ओ-रिंग आणि फ्लोटची सुई बाजूला काढावी, कारण त्या द्रावणाने रबर फुगते. डायफ्राम उजेडासमोर धरून हळुवार ताणावा. टाचणीएवढे छिद्र असले तरी हवेची वाट उघडणारी स्लाइड पूर्ण उचलली जात नाही आणि गाडी वरच्या वेगात मरगळते. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असते, तारेने भोक मोठे होते आणि मग जेटवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते. पायलट जेटचे, म्हणजे आयडलिंगच्या जेटचे, भोक केसाएवढे असल्याने ते उजेडात धरून आरपार दिसते का, याची खात्री करावी.

फ्लोटची पातळी, म्हणजे चेंबरमध्ये पेट्रोल कुठवर चढते ते, तपासायचे बहुतेक मेकॅनिक सोडून देतात आणि तिच्यामुळे पुढची सारी मेहनत वाया जाते. पातळी वर असेल तर सगळ्याच थ्रॉटलवर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, होते, खाली असेल तर सगळीकडे लीन. पारदर्शक नळी ड्रेनच्या नळकांडीला जोडून तिचे दुसरे टोक कार्बच्या बाजूने वर धरावे, गाडी सरळ उभी ठेवावी, ड्रेन स्क्रू सैल करावा आणि नळीत पेट्रोल कुठे थांबते ते चेंबरच्या सांध्याशी ताडून सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाशी जुळवावे. टाकी उंच केलेल्या गाडीत पेट्रोलचा दाब किंचित वाढतो, त्यामुळे झिजलेली फ्लोटची सुई आधी चालून जात असली तरी नव्या टाकीखाली ओव्हरफ्लो करू शकते. मोठी टाकी लावताना सुई नवी टाकावी.

जुळणी: एका वेळी एकच बदल

एक्सलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर कागदी चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात. साधारणपणे पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूचा अंमल असतो, पाव ते पाऊण यांत स्लाइडला लावलेल्या सुईचा (फ्लोटची सुई वेगळी), आणि त्यापुढे मेन जेटचा. गाडी कोणत्या खुणेवर अडखळते हे कळले की कोणत्या भागाला हात लावायचा हे आपोआप ठरते. पन्नासच्या वेगाला अडखळते अशी तक्रार कार्बच्या दृष्टीने अपुरी असते, कारण तोच वेग उतारावर पाव थ्रॉटलला आणि चढावर पूर्ण थ्रॉटलला मिळतो.

पहिल्यांदा मेन जेट ठरवावे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि मग मूठ थोडीशी मागे घ्यावी. मूठ मागे घेताच गाडी क्षणभर जोर धरत असेल तर जेट लहान आहे. पूर्ण थ्रॉटलला गाडी जड होऊन घरघरत असेल तर मोठे. नवा प्लग लावून काही अंतर पूर्ण थ्रॉटलने जाऊन क्लच दाबत किल स्विचने इंजिन बंद करावे आणि प्लग पाहावा: पांढराफटक म्हणजे लीन, काजळी धरलेला म्हणजे रिच, फिकट तपकिरी म्हणजे योग्य. जेट एका वेळी एकाच मापाने बदलावे. मिकुनी आणि केहिन या कार्ब बनवणाऱ्या कंपन्यांचे आकडे वेगवेगळ्या पद्धतीने दिलेले असतात, म्हणून दुसऱ्याच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीला लावू नये. आपल्या जेटवर जो आकडा कोरलेला आहे तिथूनच सुरुवात करावी.

त्यानंतर सुई. क्लिपचे खाचे असतील तर क्लिप एक खाच खाली नेल्यावर सुई वर येते आणि मिश्रण रिच होते. अनेक मूळ सुयांना खाचेच नसतात. अशा वेळी सुईच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा एक बारीक वॉशर घालून पाहावा. २० टक्के इथेनॉलमुळे आलेले अर्ध्या थ्रॉटलवरचे झटके माझ्या अनुभवात बहुतेक वेळा एवढ्यानेच थांबतात.

शेवटी आयडलिंग. इथे गोंधळ टाळावा: मिक्श्चर स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा असतो आणि बाहेर काढला की मिश्रण रिच होते, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो आणि बाहेर काढला की मिश्रण लीन होते. कंपनीने तो पितळी बुचाखाली लपवलेला असू शकतो. आधी स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे होते ते मोजून लिहावे, कारण तोच परत यायचा पत्ता आहे. इंजिन दहा किलोमीटर चालवून गरम झाल्यावर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत आयडलिंग सर्वांत वर जाईल ती जागा शोधावी, मग आयडलिंग स्क्रूने वेग खाली आणावा आणि पुन्हा एकदा तीच जागा शोधावी. पेट्रोलचा स्क्रू साडेतीन फेऱ्यांपलीकडे न्यावा लागला तर पायलट जेट एक माप मोठे हवे. एक उपयोगी युक्ती अशी की पीयूसी काढताना मिळणाऱ्या पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जपून ठेवावा. बदलानंतर पुन्हा चाचणी केली की आयडलिंगला मिश्रण कोणत्या बाजूला सरकले ते यंत्रच सांगते, आणि गाडी कायद्याच्या मर्यादेत आहे याचीही खात्री होते.

उंचीचा प्रश्न

उंचीवर हवा विरळ होते, पण जेट तेवढेच पेट्रोल द्यायला पाहते, म्हणून मिश्रण रिच होते. डायफ्रामवर चालणारा कार्ब हे अंशतः सावरून घेतो, साधा स्लाइडचा कार्ब फारच कमी. काळा धूर, काळा प्लग, सकाळी सुरू व्हायला त्रास आणि चढावर शक्ती नसणे ही रिचची लक्षणे त्रासदायक असली तरी इंजिनाला लगेच घातक नसतात. सखल, उष्ण प्रदेशात मिश्रण लीन झाले तर मात्र पिस्टन तापून जाम होऊ शकतो. म्हणून घरून निघतानाच लहान जेट लावू नये. गाडी प्रवासातल्या सर्वांत सखल आणि उष्ण टप्प्यासाठी जुळवावी. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि वाटेतला राजस्थान व पंजाब त्याहून सखल. लडाखमध्ये चार दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर एक आणि दोन मापांनी लहान अशी दोन मेन जेट सोबत ठेवून वर गेल्यावर बदलावीत, पेट्रोलचा मिक्श्चर स्क्रू पाव ते अर्धा फेरा आत घ्यावा, आयडलिंग किंचित वाढवावे, आणि खाली उतरण्याआधी सगळे न चुकता परत करावे. खिंडीत शक्ती मिळावी म्हणून एअर फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, तो अजिबात मानू नये. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती थेट सिलिंडरमध्ये जाते.

टाकी खरोखरच मोठी करायची असेल तर

परदेशात सुझुकी डीआर६५० सारख्या गाड्यांना २० आणि ३० लिटरांच्या तयार प्लास्टिक टाक्या मिळतात, आणि जुन्या कावासाकी केएलआर६५० ला तर २३ लिटरांची टाकी मूळचीच होती. आपल्याकडे बहुतेकांना पत्र्याच्या टाकीला वाढीव भाग जोडून घ्यावा लागतो. पेट्रोल काढून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत राहिलेली वाफ ठिणगीने स्फोट करते. टाक्यांचेच काम करणाऱ्या अनुभवी वेल्डरकडेच ती द्यावी, आणि तो गरम पाणी व डिटर्जंटने ती अनेकदा धुऊन, मग पाणी किंवा निष्क्रिय वायू भरून काम करतो का, हे स्वतः विचारून घ्यावे. उत्तर टाळाटाळीचे असेल तर टाकी परत आणावी. परिवहन कार्यालयाशीही आधी बोलून घ्यावे, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते.

रचनेत चार गोष्टी पाहाव्यात. कॉक टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवर असावा. दोन्ही बाजूंना लोंबणारे भाग कॉकखाली गेले तर त्यांतले पेट्रोल अडकून राहते आणि पंप लावावा लागतो. टाकीतील शेवटचे पेट्रोलही फ्लोट चेंबरपेक्षा वर असावे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढचे शॉकॲब्सॉर्बर पूर्ण दाबून टाकी कुठेही घासत नाही हे पाहावे. आणि टाकी रबरी ठोकळ्यांवर बसवावी, कारण कच्च्या रस्त्यावर वेल्ड तडकतात ते बहुधा घट्ट आवळलेल्या बोल्टांपाशीच. काम झाल्यावर सर्व तोंडे बंद करून सायकलच्या पंपाने दोन-तीन पीएसआय एवढीच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. याहून जास्त दाबाने टाकी फुगते. आतला गंज काढल्यावर अस्तर द्यायचे असेल तर ते इथेनॉलमध्ये टिकणारेच घ्यावे. टिकाऊ नसलेले अस्तर वर्षभरात सालीसारखे सुटते आणि कॉकच्या जाळीत जमते.

कॅनवरच भागवणाऱ्यांनी धातूचा, घट्ट बुचाचा कॅन घ्यावा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरांपर्यंत पेट्रोल परवान्याविना नेता येते, पण भांड्यांच्या अटी त्यात आहेत आणि पाण्याच्या बाटल्या त्यांत बसत नाहीत. कॅन काठोकाठ भरू नये, सायलेन्सरच्या बाजूला बांधू नये, आणि टाकीत जागा होताच त्यातले पेट्रोल टाकीत ओतून मोकळे व्हावे.

नवी टाकी बसवल्यावर प्रवाहाची पाच मिनिटांची चाचणी आणि फ्लोटची पातळी पुन्हा तपासावी. मग टाकी पूर्ण रिकामी करून मापाच्या भांड्याने एकेक लिटर पेट्रोल भरावे, प्रत्येक लिटरनंतर लाकडी पट्टी झाकणातून उभी सोडून ओल्या रेघेवर खूण करावी, आणि कॉक रिझर्व्हवर न नेता पेट्रोल येणे किती लिटरांवर सुरू होते ते पट्टीच्या मागे लिहावे. ही पट्टी टूलकिटमध्ये ठेवावी. हलत्या काट्यापेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.